आठव्या दिवसाचा भोंगा

भोंग्यातून निघालेला चाचांचा आवाज शेजारच्या गावच्या शिवारापर्यंत जायचा. भोंगा बंद केला की मात्र समोरच्या चहावाल्यालाही तो नीट ऐकू यायचा नाही. दोन कट चहा सांगायला ते दोन बोटं वर करायचे. "एवढं हळू कायले बोलता चाचा?" असं कुणी चिडवलं की म्हणायचे, "जोरात बोलाचं ते माइकवर. अन् माइकवर बोललेलं निभवा लागते. म्हणून बाकीच्या टायमाले जपून."

फुलसावंगीपासून थोड्या अंतरावर आमचं गाव. तिथे चाचांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. दारात त्यांचा ऑटो आणि टपावर दोन भोंगे. हरवलेली शेळी, रेशनची साखर, पोलिओचा डोस, कुणाची मयत, सगळं गावाला चाचांच्या तोंडूनच कळायचं. आधी माइकवर नखाने तीन टिचक्या, मग एक खोकला, मग "ऐका हो गावकरी मंडळी!" टिचक्या ऐकू आल्या की माझी आई गॅस बारीक करून दाराशी येऊन उभी राहायची.

निवडणूक आली की उमेदवारांचे आश्वासनांचे कागद चाचांकडे यायचे. ते सगळ्यांचे आठ दिवस वाचायचे, ज्याने आधी दिला त्याचा आधी. खरी गंमत निकालानंतर असे. गुलाल धुऊन झाल्यावर, बरोबर आठव्या दिवशी, सकाळी आठ वाजता चाचा विजयी उमेदवाराच्या दारासमोर ऑटो लावायचे आणि तोच कागद, त्याच चालीत, पुन्हा वाचायचे. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. शेवटी फक्त एवढंच: "हे मी बोललो होतो. कळावे." पुढे दर महिन्याला एकदा तेच. ऑटो त्यांचा, पेट्रोल त्यांचं.

"चाचा, इलेक्शन सरलं ना आता!" एकदा नवे सरपंच अंगावर टॉवेल घेऊनच बाहेर आले होते. तोंडात दात घासायचा ब्रश.

"तुमचं सरलं भाऊ," चाचा माइक बाजूला धरून पुटपुटले. "माहं नाही सरलं. तुमाले कोनी इचारत नाही, लोकं मले इचारतात. आवाज माहा होता."

याच सरपंचांच्या प्रचारात चाचांच्या हातून एक चूक झाली. सरपंचभाऊंनी दोन वस्त्यांसाठी दोन कागद दिले होते. वरच्या वस्तीला अभ्यासिका, आमच्या खालच्या वस्तीला सिमेंटची नाली. चाचांचा चष्मा दुकानात कुठल्याशा उघड्या मोटारीखाली राहिला आणि त्यांनी वरचा कागद खाली वाचला. आम्ही पाच मुली तेव्हा परीक्षांचा अभ्यास करत होतो. घरात टीव्ही, पाहुणे, लहान भावंडं. अभ्यासिका म्हटल्यावर आमच्यातल्या वैशालीने अंगणात उडीच मारली. तिच्या बापाने तिला सांगून ठेवलं होतं, घरी जमत नसेल तर अभ्यास पुरे, स्थळ पाहू.

निकालानंतर भाऊंनी कागद काढून दाखवला. "खालच्या वस्तीले मी असं म्हणलोच नाही चाचा. चूक तुमची. तुमीच जाऊन सांगा, रद्द समजा म्हणून."

चाचा आले. तीन टिचक्या वाजल्या. आम्ही पाचही जणी दाराशी उभ्या होतो. चाचांनी आमच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि बोलले, "ऐका हो गावकरी मंडळी. अभ्यासिका चाचाच्या चुकीनं बोलल्या गेली. सरपंचभाऊचा यात काही दोष नाही. बोलला चाचा, म्हणून देणार चाचा. उद्यापासून माह्या दुकानाचा अर्धा भाग पोरींच्या अभ्यासाले. कळावे."

तांब्याच्या तारेचा आणि वार्निशचा वास, मधूनच चाचांची हातोडी, आणि आम्ही पोत्यांवर पुस्तकं मांडून बसलेल्या. एखादी मोटार चालू करून पाहायची असली की चाचा आधी हळूच विचारायचे, "बेटा, धडा संपला काय?" नाही म्हटलं तर गिऱ्हाईक थांबायचं. गिऱ्हाइकं शेतावर जाऊन सांगायची, की सरपंचाचं काम चाचा करून राह्यला. दोन महिन्यांनी भाऊ स्वतः आले, आम्हाला पोत्यांवर पाहून दारातच थबकले.

"लाजवलं ना बाप्पा तुमी."

"मी कायले, भाऊ? मी तं आपली चूक भरून राह्यलो."

पंधरवड्यात सोसायटीची बंद खोली उघडली, बाकं आली. वरच्या वस्तीचीही अभ्यासिका झाली. नाली मात्र राहिली. ती चाचा पाच वर्षं वाचत होते.

या उन्हाळ्यात चाचा गेले. त्यांच्या मयतीची खबर द्यायला गावात आवाजच नव्हता. घरोघरी सांगत जावं लागलं. पावसाळ्यानंतर निवडणूक झाली, तेव्हा प्रचार यवतमाळहून भरून आणलेल्या आवाजात झाला. गोड आवाज होता, कुणाच्या ओळखीचा नव्हता. सरपंच म्हणून वैशाली निवडून आली.

आठव्या दिवशी सकाळी मी चाचीकडे गेले. तिने काही न विचारता रुमालात गुंडाळलेला माइक हातात दिला आणि ऑटो काढायला दिराला हाक मारली. मी जन्मात कधी मोठ्याने बोललेली नाही. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं.

वैशालीच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. ती दारात उभी राहून रस्त्याकडे पाहत होती.

"आठ वाजून दहा मिनिटं झाली," ती म्हणाली. "मले वाटलं, आता कोनीच येत नाही."

मी तीन टिचक्या मारल्या आणि तिने प्रचारात वाटलेला कागद वाचायला लागले. पहिलीच ओळ खालच्या वस्तीच्या नालीची होती.

"थांब," वैशालीने मध्येच हात वर केला. "अजून जोरात वाच ना बाई. वस्तीपर्यंत जाऊन नाही राह्यला आवाज."