नाकाने दिलेला निकाल

भूजल खात्यात एकवीस वर्षं काढलेल्या बाईंना गल्लीत सगळे 'पाणीवाल्या बाई' म्हणत. कोणाच्या विहिरीचं पाणी गढुळलं की माणूस बाटली भरून थेट त्यांच्या दारात. खात्यातही त्यांचा दरारा होता. नवी मुलं घाईने निष्कर्ष काढायला लागली की त्या खडसावत, "आधी तीन विहिरींची पातळी मोजा, मग तोंड उघडा. वरचा उतार बघून जमिनीच्या पोटातलं पाणी कुठे जातं ते कळत नाही."

स्वतःच्या गल्लीत मात्र त्या नेमकं हेच विसरल्या.

झालं असं, की शेजारच्या शिवणवाल्या वहिनींच्या नातीचं पोट सारखं बिघडायला लागलं. बाईंनी वहिनींच्या विहिरीचं पाणी तपासलं, तर नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट, वर मैल्यातले जंतू. गल्लीच्या वरच्या टोकाला गोठेवाल्या काकांच्या सहा गाई. तिथल्या शेणाच्या वासाचा बाईंना पहिल्यापासून तिटकारा. उतार गोठ्याकडून खाली येतो, मग आणखी काय मोजायचं? गल्लीच्या बैठकीत त्या भरल्या सभेत म्हणाल्या, "काका, तुमच्या गोठ्यामुळे लेकरं आजारी पडतायत."

काका चाचरत म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं गोठा आहे. पाणी आत्ताच कसं बिघडलं?"

"मी यातच केस पांढरे केलेत," बाई म्हणाल्या. लोक हसले. काका खाली बसले. महिन्याभरात त्यांनी गाई विकल्या आणि एका शाळेच्या फाटकावर राखणदार म्हणून उभे राहिले.

वर्ष गेलं. पाणी तसंच राहिलं, उलट नायट्रेट थोडं वाढलंच. "मुरलेलं निघायला वेळ लागतो," असं बाई सांगत राहिल्या, पण मनात पाल चुकचुकली. एका सुट्टीच्या सकाळी त्यांनी टेप घेतला आणि तीन विहिरींची पातळी मोजली. जमिनीतलं पाणी कुठून कुठे जातं त्याचा कागदावर बाण काढला. पुन्हा मोजून पुन्हा काढला. बाण गोठ्याकडून येतच नव्हता. तो बाईंच्याच परसातून वहिनींच्या विहिरीकडे जात होता.

खात्यात पाण्याची वाट शोधायला एक निरुपद्रवी हिरवा रंग वापरत. बाईंनी शेजारपाजारी सांगितलं, "आठवडाभर विहिरीचं पाणी पिऊ नका, एक तपासणी आहे." आणि तो रंग स्वतःच्या संडासात ओतला. पाचव्या दिवशी वहिनींनी भिंतीवरून हाक मारली, "अहो बाई, बादलीत हे काय आलंय? पोपटासारखं हिरवं!"

नवऱ्याला विचारलं तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "वरचा मजला चढवला तेव्हा मैल्याची टाकी मोठी केली ना, गवंड्याने तळ घातलाच नाही. म्हणाला, झिरपलं तर टाकी कमी वेळा उपसावी लागेल. मला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतं ना!" बाई म्हणाल्या. मजला चढला त्याला तीन वर्षं झाली होती. ज्या बाईने गावोगावच्या टाक्या तपासल्या, तिने आपल्या परसातलं झाकण एकदाही उचललं नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. टाकी गुपचूप बांधली असती, तर कोणाला काय कळणार होतं? दोन दिवस हाच विचार त्यांनी केला, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली. तिसऱ्या दिवशी त्या शाळेच्या फाटकाशी गेल्या. निळ्या सदऱ्यातले काका स्टुलावर बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं.

काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तेव्हा चारचौघांत बोललात. आता एकट्यालाच येऊन सांगता होय?"

त्या रविवारी बाईंनी गल्ली गोळा केली. मोजमापाचा कागद हातात धरून म्हणाल्या, "घाण माझ्या घरची होती. काकांचा काही दोष नव्हता. मी न मोजताच बोलले." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. वहिनी नातीला कडेवर घेऊन घरात गेल्या.

टाकी नव्याने बांधली. पाणी सुधारायला दोन वर्षं लागली. बाईंनी गाई परत घेऊन द्यायची तयारी दाखवली, पण काकांनी हात जोडले. "आता गुडघे साथ देत नाहीत," ते म्हणाले. रस्त्यात भेटले की ते बोलतात. त्यांच्या घरच्या काकू अजूनही बोलत नाहीत. बाई समोरून येताना दिसल्या की त्या पलीकडच्या कडेने जातात, आणि बाई मान खाली घालून त्यांना जाऊ देतात.