दिवाणजींचं स्वतःचं लॉगिन

बेदाण्याच्या एका शीतगृहासाठी आम्ही सांगलीत वेबसाइटचं काम घेतलं, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. व्यापाऱ्याला आपला किती माल आत पडून आहे ते कॉम्प्युटरवर घरबसल्या दिसावं, एवढंच मालकांना हवं होतं. अट एकच होती: एकाचा माल दुसऱ्याला दिसला, तर काम बंद. आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तेवढंच मोठं काम होतं. ते गेलं असतं तर पहिली नोकरी माझी जाणार होती. कवठे महांकाळच्या आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. तसं हात हलवत परत जायची माझी तयारी नव्हती.

अटीला कारण होतं. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारी ही माणसं. कुणाकडे किती माल उरलाय हे समोरच्याला कळलं, की भाव पडलाच.

लॉगिन मी लिहिलं. पासवर्ड साठवण्याआधी असा उलटसुलट करून ठेवला की मलासुद्धा वाचता येऊ नये. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

दाखवायच्या दिवशी तीन शेठ आले आणि तिघांत मिळून एकच दिवाणजी. सकाळी एकाची वही, दुपारी दुसऱ्याची, असं तिघांचं लिखाण त्यांच्याकडेच. पहिल्या शेठनी कीबोर्ड सरकवला. "दिवाणजी, तुमीच टाका," म्हणाले आणि पासवर्ड सगळ्यांदेखत सांगून मोकळे झाले. दुसऱ्यांनी निदान कानात सांगितला.

शीतगृहाचे मालक हसले नाहीत. "उद्या बातमी फुटली, तर बघितलं कुणी? शेठनी का दिवाणजींनी? कसं कळणार?"

मी म्हणाले, पासवर्ड कुणाला सांगू नका अशी सूचना लावू. आमच्या ऑफिसच्या मॅडम लोणंदच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. "अगं, सगळा व्यवहार ज्याच्या हातात, त्याच्यापासूनच लपवा म्हणालीस तर हे शेठ वेबसाइट परत उघडायचे नाहीत." मग त्या दिवाणजींकडे वळल्या. "काका, तुम्ही तुमच्या स्वतःच्या नावानं आत आलात तर?"

"माझ्या नावानं?" दिवाणजी शेठकडे बघत म्हणाले. "माझ्या नावावर बाजारात आजवर कायबी न्हाई उघडलं."

मॅडमनी तिथंच मांडून दाखवलं. दिवाणजींचा पासवर्ड वेगळा. त्यांना आपला माल दाखवायचा का, हे ज्या त्या शेठनी ठरवायचं, नको वाटलं की स्वतः बंद करायचं. कुणी कधी बघितलं त्याची नोंद राहील. हे मला सुचलं नाही याचं वाईट वाटलं नाही. अशा बाईच्या हाताखाली आपण काम करतोय, याचंच बरं वाटलं.

पुढच्या सौद्याच्या आत मी ते केलं. सगळ्यात संशयी शेठ खुर्चीत बसले, चष्मा पुसला, आपला पासवर्ड आपण टाकला आणि दिवाणजींची परवानगी काढून टाकली. दिवाणजी शेजारच्या कॉम्प्युटरवर आत आले. बाकी दोघांचा माल दिसला, या शेठचं नावच नाही.

"आवं शेठ," दिवाणजी म्हणाले, "मंग आजपासनं वही बी तुमीच लिवा की."

"लय बोलाय लागलाय तुमी. थांबा, देतो परत." शेठ मान खाली घालून बटण शोधत राहिले.

पुढच्या हंगामात हे सगळं कोण सांभाळणार, असं मालकांनी विचारलं. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं.