कुत्र्याचं झबलं

हे कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला नाही, विठोबासमोर उभी राहूनसुद्धा नाही. तुला सांगते—हसू नकोस. नाही, हस. हसण्याचीच गोष्ट आहे ती.

सुशीला, माझी धाकटी जाऊ. तिकडं कानडी मुलखात, चामराजपुरमला दोघी शिवण करायचो. मी घरी काजं-हूक करत बसायची. ती नव्या अपार्टमेंटातल्या बायकांची मापं घ्यायला जायची. आणि तिकडनं गोष्टी घेऊन यायची! एका मॅडमनं कुत्र्याच्या वाढदिवसाला झबलं शिवायला सांगितलं. सुशीला मान वर करून, पंजा पुढं करून कुत्रं कसं माप देतं ते दाखवायची. मग मॅडमचा आवाज—"सैल ठेव गं, पोर वाढतंय. ह्यांचा शर्ट? आहे तोच उसवून दे." एकादशीचं भजन झालं की देवळाच्या पायरीवर बायका तिला घेरायच्या. "अय्यो, साकु, पुरे गं सुशीला, पोट दुखतंय!"

आणि मी? तिच्या चपला सांभाळत बसलेली. त्या घरात आधी आले मी. दोन लेकरं पुरली, चार माणसांत रडले नाही. माझ्याकडं कोण बघायचं—? एकदा मीपण सांगितली तीच गोष्ट, शब्दन् शब्द. एक बाई म्हणाली, "मग? शिवलं का झबलं?"

पुढं सुशीलाला ताप आला, म्हणून त्या मॅडमचे ब्लाउज पोचवायला मी गेले. तिनं कॉफी दिली. वाईट बाई नव्हती. आणि मी—कुणी विचारलं होतं का मला?—सांगितलं. देवळात तुमची नक्कल होते म्हणून. पंज्यासकट करून दाखवली.

मॅडमचं काम बंद झालं. मग सगळ्या अपार्टमेंटचं. सुशीला रडली. "माझीच जीभ लांब, अक्का. कुणीतरी जाऊन सांगितलं असणार."

मी म्हटलं, "हो गं. तुझीच जीभ."

त्यानंतर ती माझ्याशेजारी बसून काजं करायची. गोष्ट एकही सांगायची नाही. एकादशीला बायका वाट बघायच्या, उठून जायच्या.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी म्हणाली, "अक्का, ते कुत्र्याचं सांग ना. मला नीट आठवत नाही."

मी सांगितलं. पंजा पुढं केला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मॅडमकडं मीच बोलले, हे तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं. चार दिवसांनी ती गेली. त्या दुपारी मला काय वाटत होतं, तेही सांगते—वाईट नव्हतं वाटत. ती माझ्या गोष्टीला हसली, एवढंच वाटत होतं.