मारोतीची खोळ

माझा भाऊ आणि वहिनी वीटभट्टीवरून केनवडजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा त्यांची चार वर्षांची पोर म्हणजे नुसती हाडं आणि पुढं आलेलं पोट. भाकरी दिली तर ती बाजूला ठेवायची आणि भिंतीची माती खरवडून खायची. जंत असतील, असं म्हणून सगळे मोकळे झाले.

त्याच उन्हाळ्यात बांधावरच्या मारोतीचा शेंदूर उतरू लागला. शेंदराची जुनी पुटं आपोआप गळाली की देवानं खोळ टाकली म्हणतात. पण खोळ एकदम गळून पडते, असं मी ऐकून होते. इथं ती गुडघ्यापाशीच उतरत होती, रोज थोडी, आणि खाली एक कपचीही सापडत नव्हती. मला काही ते बरं वाटेना. गावाला मात्र नारळ फोडायला निमित्तच हवं असतं.

"देव खोळ टाकून राह्यला व माय," शेजारची काकू म्हणाली. "उघडा नोका ठेवू त्याले." मग रोज तेलात कालवलेला ताजा शेंदूर लागू लागला.

इकडे पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्या. ती रडायची नाही, नुसती वाकून बसायची. वहिनी तिला मारोतीपाशी बसवून शेजारच्या वावरात तण निंदायला जायची. म्हणायची, "बाई, तिथं नेलं का पोट्टी गुमान राह्यते."

एका भर दुपारी मी तिला आणायला गेले. बांधावर चिटपाखरू नव्हतं. पोर देवाच्या गुडघ्याला मिठी मारून बसलेली, आणि कुरकुर असा आवाज येत होता. मी हाक मारली. तिनं मान वळवली. ओठ लाल, दात लाल, आणि दगडावरच्या शेंदरात बारीक दातांच्या खुणा. माझ्याकडे बघून ती हसली. मी तिला तशीच उचलली आणि वहिनीकडे पळत सुटले.

वाशिमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. "शेंदरात शिसं असतं. हिच्या अंगात लोह नाही, म्हणून ही माती-शेंदूर खाते, आणि आतडं लोहाऐवजी शिसंच ओढून घेतंय. रक्त तयार करणाऱ्या प्रथिनात जस्ताची जागा असते, तिथं ते जाऊन बसतं. मग ते प्रथिन कामच करत नाही."

रिकाम्या पाटावर कोणीही येऊन जेवायला बसावं, तशातली गत.

"मी तिले देवाच्या भरवशावर ठेवत होती," वहिनी म्हणाली. डॉक्टरांनी बजावलं, आता एक कणही पोटात गेला तर झटके येतील, मेंदू जाईल.

औषधं झाली, वरण झालं, अंडी झाली. पोर आपण होऊन खायला मागू लागली. मला इतका आनंद झाला की मी अंड्यांनाच हात जोडले.

परतलो तेव्हा फाट्यावर बायका उभ्या होत्या. पोर बरी व्हावी म्हणून गावानं नवस बोलला होता, आणि तो फेडायला मारोतीला डोक्यापासून पायापर्यंत नवा शेंदूर चढवला होता. काकूच्या हातात त्याच शेंदराची वाटी होती.

"ये माय, टिळा लावतो तुले," म्हणत तिनं बोट पुढं केलं.

वहिनी नको म्हणेपर्यंत पोरीनं मान वर केली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.