ऑनलाइन अंक न मिळाल्याबाबत

पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, किश्श्याला नसतो. त्यामुळे ग्रंथालयातलं पुस्तक हरवलं की कधी ना कधी कळतं, पण किस्से किती साठलेत ते कुणालाच कळत नाही. मलाही एप्रिलपर्यंत कळलं नव्हतं.

तो साधा मंगळवार होता. परभणीतल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी एका ऑनलाइन नियतकालिकाची नोंद दुरुस्त करत बसले होते. टेबलावरचा फोन वाजला.

"ह्यो कॉलेजचा नंबर हाय का? मी ताडकळसहून बोलायलोय. भालेराव तुमच्याकडंच हायत न्हवं?"

"हो, माझ्याच हाताखाली."

"मॅडम, ते हितं बाजारात बसल्या जागी गेले. डॉक्टरला दावलं, पर काई उपयोग झाला न्हाई. मोबाइलला लॉक हाय. खिशात रजेच्या अर्जाची पोच घावली, तिच्यावर ह्यो नंबर. त्यांच्या घरच्यांना जरा दमानं सांगा बरं!"

"सांगते," मी म्हणाले.

मी ग्रंथपाल. भालेराव नियतकालिक विभागाचे लिपिक, आणि माझे मिस्टर. नोकरीत ते आधी लागले, त्यांची साहेब मी नंतर झाले आणि लग्न त्याच्याही नंतर झालं. रजेचा तो अर्ज मीच मंजूर केला होता.

जुलैत प्राचार्यांचं पत्र आलं. नियतकालिकं आता ऑनलाइन येतात, मग त्यांना लिपिक कशाला? रिकाम्या पदावरचा कर्मचारी नेमकं काय काम करत होता, याचा अहवाल आठ दिवसांत द्यावा. अन्यथा पद रद्द समजण्यात येईल. म्हणजे ह्यांची सगळी नोकरी मला एका पानात बसवायची होती, आणि ती बसली नाही तर त्यांनी काहीच केलं नाही असं ठरणार होतं. रोज कागद पुढ्यात घ्यायचे आणि रोज भलतंच काहीतरी आठवायचं.

*

ऑफिसात ते मला 'मॅडम' म्हणायचे, घरी 'अगं'. कागदावर नसलेली गोष्ट त्यांच्या लेखी झालेलीच नसायची. एकदा त्यांचा किरकोळ रजेचा अर्ज आला. कारण : पत्नीस ताप.

मी समोरच बसले होते, कानाला रुमाल बांधून! शेरा मारला, 'पत्नी कामावर हजर आहे. रजा नामंजूर.'

दहा मिनिटांत दुसरा अर्ज, रीतसर आवक क्रमांक घालून. 'पत्नी घरी थांबण्यास तयार नाही. माझे ऐकत नाही. आपण साहेब आहात, आपले कदाचित ऐकेल. तरी तिला समज द्यावी, ही विनंती.'

दोघांची रजा मंजूर करावी लागली.

*

छापील अंक यायचे तेव्हा प्रत्येकाच्या पहिल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का मारायचा नियम होता. ऑनलाइन अंक सुरू झाले त्या दिवशी ह्यांनी विचारलं, "मॅडम, शिक्का कुठं मारू?"

मी कामात होते. वर न बघता म्हणाले, "कुठं म्हणजे? पहिल्या पानावर!"

ह्यांनी प्रत्येक अंकाचं पहिलं पान छापून काढलं, शिक्का मारला आणि फाइलला लावलं. वर्षाअखेरी आमच्याच प्राध्यापकांची समिती साठा तपासायला आली. त्यांनी फाइल चाळली, एकमेकांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "भालेराव, बाकीची पानं?"

"ती संगणकात, सर."

समितीच्या अहवालात वाक्य आलं : 'विद्यार्थ्यांकडून नियतकालिकांची पाने फाडून संगणकात लपवण्याचे प्रमाण चिंताजनक आहे. पहिले पान मात्र सर्वत्र सुस्थितीत आढळले.'

*

नोंदी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्थान' नावाचा एक रकाना आहे. ते नियतकालिक कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर आहे ते लिहायचं. रकाना रिकामा ठेवला की नोंद जतनच होत नाही. ऑनलाइन नियतकालिकाला कुठली आलीय फळी? ह्यांनी दिवसभर विचार केला आणि अशा सगळ्या नोंदींपुढे लिहिलं : 'खिडकीजवळचा संगणक.'

महिनाभरात तो संगणक बिघडला आणि दुरुस्तीला नांदेडला गेला. एम.एस्सी.चा एक विद्यार्थी कॅटलॉग बघून आमच्या शिपायाकडे, रज्जाकभाईंकडे गेला. रज्जाकभाईंनी खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "जर्नल नांदेडकू गया, बेटा. शनिवारकू आता."

बिचारा शनिवारी आला!

रज्जाकभाईंचं ह्यांच्यावर भारी प्रेम, आणि ह्यांच्या नियमांवर त्याहून जास्त. नियतकालिकं ग्रंथालयाबाहेर न्यायची नाहीत, हा त्यातलाच एक. एक मुलगा मोबाइलवर वाचत वाचत दाराकडे निघाला.

"क्या पढरा?"

"जर्नल, चाचा."

"आपलंच हाय का?"

"हो."

"मग ठेव हितं!" म्हणून रज्जाकभाईंनी मोबाइल काढून घेतला आणि नियतकालिकांच्या फळीवर उभा करून ठेवला. मुलगा माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे शांतपणे म्हणाले, "मॅडम, रज्जाकभाईंची कृती नियमाला धरून आहे. फक्त फळी चुकली. ते 'जीवशास्त्र'मध्ये जायला पाहिजे."

*

छापील असो की ऑनलाइन, नियतकालिकं नाव फार बदलतात. एक दुसऱ्यात मिसळतं, दुसऱ्याचे दोन तुकडे होतात, तिसरं बंद पडतं. नोंदी चुकू नयेत म्हणून ह्यांनी एका नियतकालिकाची आख्खी वंशावळ मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावली. चौकोन, बाण, सालं, सगळं.

पेडगावचे एक काका मुलीच्या अ‍ॅडमिशनला आले होते. मुलगी फॉर्म भरेपर्यंत ते त्या कागदासमोर उभे राहिले. बराच वेळ बोट फिरवून झाल्यावर म्हणाले, "जमिनीची वाटणी दिसायलीय. लय किचकट हाय! ह्यो मधला कुठं गेला?"

"तो बंद पडला," हे म्हणाले.

"अरारा! कधी?"

"दोन वर्षं झाली."

"मागं कोन हाय?"

"दोन पुरवण्या."

काकांनी टोपी काढली. "लहान हायत का?"

हे म्हणाले, "एक त्रैमासिक आहे, एक वार्षिक." काका मान हलवत मुलीकडे गेले. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "बाई, त्यायच्या नावानं काईतरी करून ठेवा. लेकरायचे हाल नगं!"

*

आता शेवटचा.

प्रत्येक नियतकालिकाचं एक कार्ड असतं. अंक आला की त्या महिन्याच्या चौकोनात बरोबरची खूण करायची. नाही आला तर प्रकाशकाला स्मरणपत्र धाडायचं. ऑनलाइन अंकांसाठी कार्डं लागत नाहीत, असं मी ह्यांना तोंडी सांगितलं, मग लेखी सांगितलं. शेवटी मेमो काढला : 'ऑनलाइन अंकांबाबत स्मरणपत्रे पाठवू नयेत.' मेमो दोन टेबलं ओलांडून त्यांच्याकडे गेला. उत्तर त्याच वाटेनं आलं : 'आपल्या आदेशानुसार मी थांबलो आहे. अंकही थांबले आहेत.'

मी मेमो मागे घेतला.

त्या ऑनलाइन नियतकालिकांत गांडुळांवरचं एक सहामाही नियतकालिक होतं. पूर्ण ऑनलाइन आणि पूर्ण फुकट. कुठल्याशा बर्फाच्या देशातले एक निवृत्त प्राध्यापक ते एकट्यानं चालवायचे. एका जूनमध्ये अंक आला नाही. ह्यांनी नेहमीच्या इंग्रजी नमुन्यातलं पत्र जावक क्रमांक घालून मेल केलं : 'सदर अंक पंधरा दिवसांत न मिळाल्यास पुढील वर्षाच्या मागणीचा विचार केला जाणार नाही.'

"अहो, फुकट आहे ते!" मी म्हणाले.

"फुकट असलं म्हणून येऊ नये का?"

नवव्या दिवशी अंक आला. सोबत माफीचं पत्र. तब्येत बरी नव्हती, आणि अंक नाही आला तरी कुणाला कळणार असं वाटलं होतं, असं त्यांनी लिहिलं होतं. आजवर अंक मागणारं परभणीचं हे एकच ग्रंथालय, असंही. तेव्हापासून दर जूनला आणि दर डिसेंबरला अंक उशिरा व्हायचा, स्मरणपत्र जायचं आणि नवव्या-दहाव्या दिवशी अंक यायचा. कार्डावर एकही चौकोन रिकामा नाही.

परवा, अहवालाच्या सातव्या दिवशी, ग्रंथालयाच्या मेलवर त्या प्राध्यापकांचं पत्र आलं. इंग्रजीत, चारच ओळींचं.

'श्री. भालेराव, जूनचा अंक तीन आठवड्यांपासून तयार आहे. परंतु आपले स्मरणपत्र अद्याप मिळालेले नाही. मी वाट पाहत आहे. आपण बरे आहात ना?'

रज्जाकभाई मागे उभे होते. "क्या बोलता वो?"

"अंक तयार आहे म्हणतात."

"तो डालता काय कू नहीं?"

मी त्या पत्राची प्रत काढली आणि अहवालाला जोडली. अहवालात एकच ओळ लिहिली : 'सदर कर्मचारी न आलेले अंक मागवत असत.' तो प्राचार्यांकडे गेला.

स्मरणपत्राचा नमुना ह्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. तारीख, जावक क्रमांक आणि सही, एवढंच घालायचं आहे. अजून घातलेलं नाही.