तुरीचा दाणा आणि तलावाचं दार

सरपंच झाले तेव्हा मला वाटायचं, लोकांच्या मनातलं आपल्याला चेहऱ्यावरूनच कळतं. हातात नवा मोबाइल, डोळ्यांवर काळा चष्मा, वर पदर. अशा थाटात ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, गावातून फिरायची. आज भेटली तर आधी तिला चहा पाजेन, मग पोटभर हसून घेईन.

त्या उन्हाळ्यात तलावावरून आमची नि वरच्या गावाची बोलणी चालली होती. तलाव दोघांचा. त्यांना गुरांसाठी पाणी राखायचं होतं, आम्हाला वांगी-मिरचीसाठी तलावाचं दार उघडून पाणी घ्यायचं होतं. बोलणी फिसकटली असती तर आमचे मळे वाळले असते. आमच्या बाजूनं बोलणारे माझे भासरे, म्हणजे मोठे दीर. त्यांच्याशी मी थेट बोलायचं नाही, ही घरची रीत. त्यामुळे सरपंच एका खोलीत, बोलणी करणारा दुसऱ्या खोलीत, आणि उंबऱ्यावर सासूबाई.

नेमकं तेव्हाच मी काढलं, पाण्याच्या निर्णयात बायांचंही मत घ्यायचं.

"आई, तिले सांग," भासरे भिंतीकडे पाहत म्हणाले, "वरचे लोक पाहून राह्यले. आपल्यात फूट दिसली का संपलं. बायाईले पाह्यजे तरी हाय का हे?"

मी निघाले विचारायला. पापडांचे दिवस. अंगणाअंगणात सुना लाटत होत्या, सासवा वाळत घालत होत्या. मी पुस्तकी मराठीत विचारायची, "आपल्याला मताचा अधिकार हवा ना?" लाटणं न थांबवता उत्तर यायचं, "हाव बाई, चांगलंच हाय."

मी खूश! वरच्या गावची माणसं बैठकीला यायची त्याच दिवशी ग्रामसभा ठेवली. त्यांच्यादेखत ऐटीत म्हणाले, "ज्यांना हवं त्यांनी हात वर करा."

एक हात हलेल तर शपथ. पाहुण्यांतला एक म्हातारा खोकल्याआडून हसला, आणि बोलणी पुढच्या बाजाराच्या दिवसावर गेली.

घरी सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, सासूसमोर सून हात वर करीन काय? तू केला कधी माह्यासमोर?"

मग त्यांनीच देवघरात मडकं ठेवलं. शेजारी तूर नि हरभरा. तूर म्हणजे हवं, हरभरा म्हणजे नको. आमच्याकडे कुरडया करायला आलेली प्रत्येक बाई देवाला हात जोडायला एकटी आत जाई आणि एक दाणा टाकून येई.

पुढच्या बैठकीत भासऱ्यांनी मडकं सुपात उपडं केलं. तूरच तूर, हरभरे कुठेकुठे. बायांचं कोण ऐकणार म्हणत आता वरच्या गावची माणसं उठून जाणार, असं मला वाटलं. पण तोच म्हातारा म्हणाला, "हे बरं झालं बाप्पा. मागच्या टायमाले तुम्ही माणसं दार बंद ठेवतो म्हणून गेले, अन् वांगे सुकले तं बायाईनं दार उघडलं. या टायमाले त्याईलेच विचारा, कधी उघडाचं."

भासरे वळले. पहिल्यांदाच थेट माझ्याकडे. "सरपंचबाई, बोला."

एवढी बोलघेवडी मी, पण भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आई, त्याईले सांगा..."

"मले काऊन मधात घेता?" सासूबाई म्हणाल्या. "माही तूर पडली मडक्यात. आता तुमचं तुम्ही बोला."

बोललो. बायांना विचारून वार ठरले. दार अजून त्याच वारांना उघडतं, आणि वरच्या गावानंही आपल्या बायांसाठी मडकं ठेवलं आहे.