बिनक्लचच्या गाडीला उंडेल

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा लग्नाच्या दिवशी आमच्या मांडवात उलटा आला. त्याला कारण मी.

एवढं लिहायला मला सोळा वर्षं लागली. मी मुळात कमी बोलणारा माणूस. लोक त्याला गंभीर स्वभाव म्हणतात. खरं म्हणजे तोंड उघडलं की हीच गोष्ट बाहेर पडेल या भीतीनं मी ते मिटून घेतलं होतं. आता चाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली. सांगून टाकतो.

वडील लवकर गेले. मला आणि कुसुमला अण्णाकाकांनी वाढवलं. श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी. अण्णाकाका तसे काटकसरी, पण स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच-सहा वर्षांनी त्यांना काय झालं कोण जाणे, विलायतेला निघालेल्या एका मुंबईकराची जुनी अमेरिकन मोटार ते घेऊन आले. लांबीला आमच्या पडवीएवढी! वळवायची तर पुढचं टोक आधी वळायचं, मागचं टोक जरा विचार करून. आणि सगळ्यांत मोठं आश्चर्य म्हणजे तिला क्लच नव्हता. गेअर आपोआप बदलत.

"आपोआप म्हणजे? बदलतो कोण?" अण्णाकाकांनी इब्राहीम मिस्त्रींना विचारलं. पंचक्रोशीतला एवढाच एक माणूस मोटारीच्या पोटात हात घालायचा.

"तेल बदलतं, अण्णा."

"तेल?"

"गेअरच्या पेटीत तेल फिरतं. त्याच्या जोरावर गाडी पुढं जाते, मागं जाते. या गाडीचं सगळं तेलावर हाय."

"मग गाडी चालवायला तुला कशाला बसवू? तेलालाच ड्रायव्हरची टोपी घालतो!"

मिस्त्री हसले, पण पेटीतली तेल मोजायची सळई काढून बघितल्यावर त्यांचं हसू गेलं. सळई टोकापर्यंत कोरडी! गाडी उभी असायची तिथं जमिनीवर तांबडा डाग होता. (आम्ही इतके दिवस तिथं कुणीतरी पान थुंकतं म्हणून गड्याला बोलत होतो.)

एरवी गाडी राहिली असती उभी. पण कुसुमचं लग्न ठरलं होतं. मुलगा म्हसळ्याचा, माधव नावाचा, गरीब स्वभावाचा. त्याचे वडील तात्यासाहेब मात्र तसे नव्हते. हुंडा नको, मानपान नको, अट एकच: "तुमच्याकडे मोटार आहे असं ऐकतो. माझा मुलगा मांडवात येईल तो मोटारीतून. नाहीतर यायचा नाही." मुहूर्त अकरा वाजून सतरा मिनिटांचा. पुढचा थेट पावसाळ्यानंतर.

मिस्त्रींनी बॉनेटखालच्या पत्र्यावरून तेलाचं नाव एका कागदावर उतरून घेतलं आणि तो माझ्या हातात दिला.

"सदूभाऊ, हेच आणायचं. पातळ, तांबडं असतं. इंजिनचं नको, ब्रेकचं नको. दुकानदार म्हणंल 'हे बी चालतं', तरी नको. हेच."

"मिस्त्री, मी मॅट्रिक आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर परत परत सांगतो," मिस्त्री म्हणाले.

मी आगबोटीनं मुंबईला गेलो. दिवस शनिवारचा. दुपारी गिरगावात एका मित्राकडे जेवायला थांबलो, आणि (इथं माझी मान खाली जाते) पानात श्रीखंड होतं. तिसऱ्या वाढपानंतर मित्र म्हणाला, "पाच मिनिटं पड जरा." मी पडलो. उठलो तेव्हा दिवे लागले होते. दुकान बंद. दुसरा दिवस रविवारचा. आणि सोमवारची बोट पहाटेची!

बोटीवर मी रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. अण्णाकाकांना काय सांगू? 'काका, कुसुमचं लग्न श्रीखंडात बुडालं?' विचार करता करता श्रीवर्धनचा किनारा दिसू लागला, तशी मला आमच्या वाडीतला रहाट आठवला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमच्याकडे जे जे म्हणून गोल फिरतं, त्याला उंडीच्या बियांचं तेल घालतात. उंडेल. रहाटाच्या कण्याला उंडेल, बैलगाडीच्या आसाला उंडेल, विहिरीच्या कप्पीला उंडेल, अण्णाकाकांच्या गुडघ्यांनाही उंडेल. तीन पिढ्या आमचा रहाट त्यावर फिरतोय, रेडे बदलले पण तेल बदललं नाही. मग अमेरिकेनं असं काय मोठं केलंय? तिथंही शेवटी फिरतंच ना?

अडचण एवढीच की उंडेल दाट आणि हिरवट. मी ते कोठीतून गुपचूप काढलं, रॉकेल घालून पातळ केलं. तांबडा रंग यावा म्हणून आई केसांच्या तेलात घालायची ते रतनजोत मूठभर टाकून डबा दोन तास उन्हात ठेवला. काय रंग आला म्हणता! अस्सल तेलाला लाज वाटावी!

मिस्त्रींनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

"वास कसला रे हा?"

"अमेरिकन वास आहे तो."

"अस्सं," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी तेल ओतलं.

लग्नाच्या सकाळी मिस्त्री चालवायला, शेजारी मी, अशी आमची गाडी म्हसळ्याला गेली. आणि उत्तम गेली! उंडेलाच्या अभिमानानं माझा ऊर भरून आला. मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला माधव, तात्यासाहेब आणि हातात कऱ्हा घेतलेली करवली बसली. गाडी परत निघाली.

अर्ध्या वाटेत इंजिन ओरडायला लागलं. आवाज पन्नास मैलांचा, वेग रेड्याचा! मग खालून धूर आला. श्रीवर्धन मैलभर उरलं असताना शेवटच्या चढावर गाडी थांबली. इंजिन गर्जना करतंय आणि गाडी जागची हलत नाही!

"काय झालं?" तात्यासाहेब.

"तेल तापलं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हेच मला जास्त लागलं.

अकराला दहा कमी होते. तात्यासाहेबांनी हाताची घडी घातली. "माझा मुलगा पायी जाणार नाही. मोटार नाही, तर लग्न नाही. माधव, बसून राहा!"

माधव बसून राहिला. माझ्या डोळ्यांसमोर शालू नेसून बसलेली कुसुम आली.

मिस्त्रींनी गेअरचा दांडा एकदा इकडे केला, एकदा तिकडे. पुढं काही नाही. सगळ्यांत शेवटी मागं घेतला आणि गाडी चक्क मागं सरकली!

"उतारावर सरकली असेल," मी म्हणालो.

"गप बस," मिस्त्री म्हणाले. आम्ही सगळ्यांनी उतरून ढकलत गाडीचं तोंड म्हसळ्याकडे फिरवलं. मग मिस्त्री मान वळवून बसले आणि आमची अमेरिकन मोटार पाठमोरी चढ चढू लागली!

"थांबा!" तात्यासाहेब ओरडले. "माझा मुलगा मांडवाकडे पाठ करून जाणार? हा अपशकुन आहे!"

"मग त्याला फिरवा!" मिस्त्री ओरडले.

आणि फिरवला. नवरदेव मागच्या सीटवर गुडघे टेकून, सीटच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून, मागच्या काचेतून मांडवाच्या दिशेनं बघू लागला. काच तापलेली, मुंडावळ्या तिला चिकटलेल्या. त्याच्या एका बाजूला तात्यासाहेब तसेच गुडघ्यावर, कारण मुलगा एकीकडे बघतोय आणि बाप दुसरीकडे, हे त्यांना शोभेना! करवली दुसऱ्या बाजूला, कऱ्ह्यातलं पाणी तिच्या परकरावर.

वेशीवर वाजंत्री आमची वाट बघत होते. गाडीचं तोंड बघून त्यांना वाटलं, गाडी परत चालली! ताशेवाला धावत तोंडाकडे गेला, तर गाडी त्याच्यापासून लांब चालली. शेवटपर्यंत तो गाडीच्या तोंडापुढे पळत वाजवत होता आणि नवरदेव दुसऱ्या टोकाला होता. धूर एवढा, की बाजूच्या वाडीतला एक गडी ओरडला, "आरं, कुनाचा रहाट पेटला काय?" मी खाली वाकून चपलेचा अंगठा बघत राहिलो.

अकरा वाजून चौदा मिनिटांनी गाडी मांडवाच्या दाराशी मागच्या अंगानं लागली. लोक म्हणाले, "मुंबईची नवी तऱ्हा दिसते!" नवरदेव उतरला तो थेट बोहल्यासमोर. तीन मिनिटं शिल्लक ठेवून कुसुमचं लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला तशी ती नवऱ्याच्या कपाळावरची काजळी बघून हसली आणि तोही हसला.

अण्णाकाकांनी मात्र भर मांडवात मिस्त्रींना झाडलं. "तुझ्या हातात गाडी दिली आणि तू पेटी जाळलीस!" मिस्त्रींनी मान खाली घातली. मी तिथंच होतो, जिलबीचं ताट घेऊन. बोललो नाही. गाडी पुढे कधी हललीच नाही. तिच्या टपावर आम्ही सुपारी वाळत घालायचो. ती सुपारी मी सोळा वर्षं खाल्ली नाही.

गेल्या महिन्यात न राहवून मिस्त्रींच्या घरी गेलो. म्हातारे झालेत, ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. श्रीखंड, उंडेल, रॉकेल, रतनजोत.

"झालं?" मिस्त्री म्हणाले. "अरे, उंडेल मला कळणार नाही? लहानपणापासनं आमच्या दिव्यात तेच जळतंय. बोट नाकाशी नेलं तेव्हाच कळलं."

"मग ओतलंत कशाला?"

"लग्नाला दोन दिवस. बोललो असतो तर अण्णांनी तेलाला परत कुणाला धाडलं असतं? तुलाच! त्यापरीस उंडेल बरं म्हटलं."

"आणि माझ्यासाठी शिव्या खाल्ल्यात?"

"व्याह्यांच्या म्होरं तुझं नाव घेऊ? संध्याकाळी अण्णांना सांगितलं की. त्यांनी कुसुमताईला सांगितलं, तिनं जावयांना. ते तर पोट धरून हसले."

"म्हणजे घरात सगळ्यांना माहीत आहे?"

"घरात?" मिस्त्रींनी समोरच्या सगळ्या आळीवरून हात फिरवला.

मी घरी निघालो आणि वाटेत एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. या सोळा वर्षांत मला घरातल्या कुणीही तेल आणायला पाठवलेलं नाही. दिवाळीचं गोडं तेल असो की कंदिलाचं रॉकेल, मी उठायच्या आत दुसरं कुणीतरी उठायचं. "तू बस, सदू, तू कशाला?" मी बायकोला नेहमी अभिमानानं सांगत आलो, "बघ, या घरात मला किती मान आहे!" ती बिचारी दर वेळी तोंडाला पदर लावायची, तिचे खांदे हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं. मी समजायचो, भरून येतं तिला!